नव्या लॅपटॉपची भोवळ

यात गमतरावांचा हात नव्हता, हे आधीच सांगून टाकतो. निदान असं मानणारा एक माणूस तरी इमारतीत होता, आणि तो म्हणजे स्वतः गमतराव. बाकी सगळ्यांनी निकाल कधीच देऊन टाकला होता.

गमतराव हे त्यांचं खरं नाव नव्हे. खरं नाव आता फक्त विजेच्या बिलावर उरलं होतं. माणूस पन्नाशी ओलांडलेला, चष्मेवाला, चेहऱ्यावर भाव असा की कुणीही बिनघोर किल्ल्या ठेवायला द्याव्यात. त्या चेहऱ्याच्या जोरावरच त्यांनी आयुष्यभर लोकांच्या खोड्या काढल्या. नोकरी लिफ्ट बनवणाऱ्या कंपनीत, तक्रारींच्या टेबलावर. लिफ्ट अडकली की लोक यांना फोन करायचे. पलीकडचा माणूस रडकुंडीला आलेला असायचा आणि गमतराव लोण्यासारख्या आवाजात विचारायचे, ‘आपण आत आहात की बाहेर?’

इमारतीतली लिफ्टही त्यांच्याच कंपनीची. त्यांच्या खालच्या मजल्यावर एक रिटायर्ड बँक मॅनेजर राहायचे. त्यांना सगळे मॅनेजरच म्हणत. गमतरावांनी मेकॅनिकला पटवून लिफ्टमधल्या आवाजाचं एक बटण आपल्या खिडकीपाशी आणलं. मॅनेजर एकटे लिफ्टमध्ये शिरले की आतली बाई गोड आवाजात म्हणायची, ‘वजन जास्त झाले आहे. कृपया एका व्यक्तीने बाहेर पडावे.’ आत एकच व्यक्ती असायची. ती बाहेर पडायची. मॅनेजर जिन्याने चढउतार करायला लागले, हळूहळू बारीक झाले, आणि व्यायामाचे फायदे या विषयावर भेटेल त्याला भाषण द्यायला लागले. पुढे बटण सापडलं. मॅनेजरांनी राग धरला तो धरलाच. पण उतरलेलं वजन काही परत केलं नाही.

तर अशा माणसाच्या घरात नवाकोरा लॅपटॉप येतो आणि बायको समोर बसली की बंद पडतो, तर लोक कुणाकडे बघणार?

आता बायकोचं सांगतो, कारण सगळा जीव तिथेच अडकला होता. सगळी इमारत त्यांना ताई म्हणायची. ताई शिवण शिकवायच्या. एका संस्थेच्या हॉलमध्ये वर्षानुवर्षं त्यांचा वर्ग होता, आणि त्यांच्या हाताखालून गेलेल्या बायकांनी बसवलेल्या बाह्या खांद्यावर अशा बसायच्या की माणसाला वाटावं आपल्याला खांदे आहेत. ताईंना शिवताना टाचण्या तोंडात धरायची सवय होती. ओठांच्या फटीत टाचण्यांची एक रांग. त्यामुळे शिवण चालू असताना घरात शांतता असायची. गमतरावांच्या संसारातला तो फार सुखाचा काळ. पण माणूस आतून हळवा. एकदा टाचण्या तोंडात असताना ताईंना ठसका लागला आणि यांचा जीव खालीवर झाला. दुसऱ्याच दिवशी यांनी ऑफिसच्या भंगारातून लिफ्टमधून काढलेलं एक जाडजूड लोहचुंबक आणलं, मऊ कापडात शिवून घेतलं, पट्टा लावला आणि ताईंच्या डाव्या मनगटावर घड्याळासारखं बांधलं. टाचण्या आपोआप त्याला चिकटायच्या. तोंड मोकळं झालं. त्या दिवसापासून ताई बोलतायत. गमतराव म्हणायचे, मी जन्मात एकच गोष्ट सरळ मनाने केली आणि तीच मला भोवतेय.

मग संस्थेने हॉल दुसऱ्या कुणाला दिला आणि वर्ग बंद झाला. ताई तेव्हाही बोलायच्या, पण घरातल्या शिवणाच्या पुतळ्याशी. त्या बिनडोक्याच्या पुतळ्याला त्या गळ्याचा उतार समजावून सांगायच्या, आणि मध्येच ‘कळलं का?’ विचारून गप्प व्हायच्या. गमतराव बाहेर पेपर वाचत असायचे. त्या गप्प होण्याने त्यांना पान उलटवत नसे.

अशात संस्थेच्या मोठ्या बाईंचा फोन आला. गावोगावच्या बायका ताईंना विचारतायत, तर आता वर्ग इंटरनेटवर घेऊ. रविवारी दुपारी पहिला तास करून बघू. जमला तर वर्ग ताईंचा, नाही जमला तर वाईट वाटून घेऊ नका, आमच्याकडे एक दुसऱ्या बाई आहेत, त्यांना कॉम्प्युटरचं सगळं येतं. ताईंनी फोन ठेवला आणि पुतळ्याला नवा कपडा चढवला. गमतराव त्याच संध्याकाळी लॅपटॉप घेऊन आले.

लॅपटॉप काय होता म्हणता. पातळ असा की खोक्यात आहे की नाही म्हणून दोनदा बघावं. झाकण उघडलं की आतून मंद उजेड यायचा आणि पडद्यावर निळ्या पाण्यात मासे पोहायला लागायचे. बाजूने सरकायचे, वळायचे, समोर येऊन तोंड उघडायचे. गमतराव आणि ताई शेजारी शेजारी बसून बराच वेळ नुसते मासे बघत राहिले. लग्नानंतर पहिल्यांदा दोघं इतका वेळ एका दिशेला बघत होते.

ताईंचा धाकटा भाऊ कुठल्याशा ऑफिसात कॉम्प्युटर सांभाळायचा. तो येऊन सगळं बसवून गेला. जाताना म्हणाला, ‘भावजी, हे लॅपटॉप झाकण लावलं की नुसतेच झोपतात आणि बॅटरी खात बसतात. मी असं करून ठेवलंय की झाकण लागलं की पूर्ण बंद. एकदम बंद.’ सगळ्यांनी माना डोलावल्या. बॅटरी खाणं ही वाईटच गोष्ट.

दुसऱ्या दिवशी ताईंनी हातातलं शिवण बाजूला ठेवलं, चष्मा पुसला आणि सरावाला बसल्या. दोन्ही हात, गरम तव्याचा अंदाज घ्यावा तसे, हळूच लॅपटॉपवर टेकवले. पडदा काळा. आवाज नाही, धूर नाही, काही नाही. मासे होते, मासे नव्हते. ताईंनी हात मागे घेतले आणि मान वळवून नवऱ्याकडे बघितलं.

‘अहो, पुरे आता.’

गमतरावांनी दोन्ही हात वर केले. ज्या माणसाने आयुष्यभर निरागस चेहऱ्याचा व्यापार केला, त्याला खरोखर निरागस असताना कुठला चेहरा करावा ते सुचेना. जो केला तो नेहमीचाच निघाला. ताईंची खात्री पटली.

यांनी बटण दाबलं, मासे परत आले. हे बसले, लॅपटॉप चालू. तास झाला तरी चालू. ताई बसल्या, काळा. हे चालू, त्या काळा. असं दिवसभर चाललं. संध्याकाळपर्यंत गमतरावांच्या मनात भीतीबरोबर दुसरंही काहीतरी जागं झालं, ते म्हणजे आदर. कारण खोडी काढणाऱ्याला दुसऱ्याची खोडी चटकन ओळखता येते. दोरी कुठून गेली, बटण कुठे लपवलंय, त्याला सगळं दिसतं. इथे दोरी नाही, बटण नाही, मागमूस नाही. नेमकं एकाच माणसापुढे, नेमक्या वेळेला, आणि तोंडावरची सुरकुती न हलवता. त्यांनी लॅपटॉपचं झाकण लावताना त्याच्यावर हलकेच थाप मारली. कुस्तीत हरलेला पैलवान मारतो तशी.

मग लॅपटॉपच्या कंपनीच्या तक्रारींच्या नंबरवर फोन केला. बराच वेळ सनई वाजली. त्यानंतर एक मुलगी लोण्यासारख्या आवाजात म्हणाली, ‘सर, लॅपटॉप आत्ता चालू आहे की बंद?’ गमतरावांच्या अंगावर काटा आला. हा तर आपलाच आवाज. तिने बंद करून परत चालू करायला सांगितलं. आमच्या बाजूने सगळं व्यवस्थित दिसतंय म्हणाली. हे रोज लोकांना तेच सांगत आले होते, पण पलीकडून ऐकायला ते असं वाटतं याची कल्पना नव्हती. शेवटी तिने आणखी काही मदत हवी का विचारलं, म्हणजे आधीची मदत झाली असं धरून. गमतरावांनी तिला मनातल्या मनात शाबासकी दिली. पोरीला वळण उत्तम होतं.

सर्व्हिस सेंटरला गेले तर तिथे नंबराचा कागद, प्लॅस्टिकच्या खुर्च्या, आणि आपापलं मशीन मांडीवर घेऊन बसलेली माणसं. दवाखान्यात बसतात तशीच, एकमेकांच्या रोगाकडे चोरून बघत. काचेच्या पलीकडे एक इंजिनिअर मुलगी होती. तिने लॅपटॉप ठेवून घेतला आणि दिवसभर त्यावर मासे पोहले. तिने लिहून दिलं, ‘दोष आढळला नाही.’ गमतरावांनी खूप समजावलं की माझी बायको बसली की बंद पडतो. ती म्हणाली, ‘मग सर, मॅडमना आणा.’

मॅडमना आणलं. ताई ठेवणीतले कपडे घालून, चांगलं घड्याळ लावून, पर्स घेऊन आल्या. काचेपलीकडे खुर्ची दिली. त्या बसल्या, हात टेकवले. गमतरावांनी डोळे मिटून घेतले. उघडले तर मासे जागच्या जागी. ताईंनी टाइप केलं, मोठ्याने वाचून दाखवलं, एका माशाचं कौतुकही केलं. लॅपटॉप शिस्तीत. इंजिनिअर मुलगी हाताची घडी घालून उभी होती. तिने विचारलं, घरी आणखी कोण असतं? ताई म्हणाल्या, हेच असतात. आणि मग त्यांना काय वाटलं कुणास ठाऊक, लिफ्टची, मॅनेजरांची आणि त्या गोड बोलणाऱ्या बाईची सगळी हकिकत त्यांनी तिला सांगून टाकली. रांगेतल्या माणसांनी खुर्च्या जवळ ओढल्या. मुलगी सगळं ऐकून घेऊन गमतरावांकडे वळली आणि शाळेतल्या बाई लाडक्या विद्यार्थ्याला विचारतात तसं हळूच म्हणाली, ‘सर, सांगून टाका ना.’

घरी आल्यावर ताईंनी चांगलं घड्याळ काढून ठेवलं, टाचण्यांचा पट्टा बांधला, पुतळ्याची राहिलेली बाही बसवली, आणि सहज म्हणून लॅपटॉपसमोर बसल्या. काळा.

आता बातमी इमारतभर झाली. सगळ्यांच्या आधी मॅनेजर आले. लिफ्टच्या प्रकरणानंतर त्यांनी या घरात पाऊल टाकलं नव्हतं, पण या वेळी वजन पेलेल अशी त्यांना खात्री होती. त्यांनी खुर्ची ओढली, लॅपटॉपसमोर बसले आणि सकाळभर जगातल्या बातम्या वाचल्या. लॅपटॉप हूं की चूं नाही. ‘वहिनी, आता तुम्ही बसा,’ म्हणाले. वहिनी बसल्या. काळा. मॅनेजरांनी चष्मा काढून पुसला, परत लावला आणि म्हणाले, ‘विलक्षण.’ एवढं कौतुक त्यांनी कधी व्याजदराचंही केलं नव्हतं.

उपाय सुरू झाले. टेबल खिडकीपासून लांब नेलं. मग खिडकीजवळ आणलं. ताईंना रबरी चपला घालायला लावल्या. खुर्चीखाली लाकडाची फळी सरकवली. मॅनेजरांचं मत पडलं की वहिनींच्या अंगात वीज जास्त आहे. धाकट्या भावाला ते पटेना. त्याने सगळ्या घराचं वायरिंग तपासलं, गीझर बंद करून बघितला, आणि शेवटी लॅपटॉप मुळापासून पुसून नव्याने बसवला. झाकणाचं तेवढं आठवणीने परत तसंच केलं. लॅपटॉप नव्या जोमाने बंद पडायला लागला. वरच्या मजल्यावरच्या शेजारीणबाई नवऱ्याचा मोबाइल घेऊन आल्या आणि ताईंच्या हातात देत म्हणाल्या, ‘ताई, याच्यावरून जरा हात फिरवता का?’

सगळे हसले. ताई हसल्या नाहीत.

शनिवारी संध्याकाळी मंडळी पांगल्यावर ताई पुतळ्यापाशी टाचण्या काढत बसल्या होत्या. गमतराव चहाचा कप घेऊन आले तेव्हा त्यांनी वर न बघताच विचारलं, ‘अहो, खरं सांगा. तुम्ही करताय ना?’

‘नाही गं. शप्पथ.’

ताईंनी एक टाचणी काढली, पट्ट्याला चिकटवली. ‘तुम्ही म्हणालात तर बरं होईल हो. तुम्ही करत असाल तर थांबवता तरी येईल. नाहीतर मग मीच आहे. मशीनला मी नकोय, असंच ना? तसं असेल तर मोठ्या बाईंना आत्ताच कळवते. उद्या सगळ्या बायकांसमोर...’ वाक्य तिथेच राहिलं. पुतळ्याला ‘कळलं का’ विचारल्यावर व्हायची तशी शांतता झाली.

गमतरावांनी कप खाली ठेवला. मग या गृहस्थाने असं काही केलं, जे कुठल्याही स्वाभिमानी खोडकर माणसाने करू नये. न काढलेली खोडी कबूल केली.

‘मीच करतोय,’ म्हणाले. ‘गंमत म्हणून. उद्या नाही करणार.’

ताईंनी इतक्या जोरात सुस्कारा सोडला की पुतळा हलला. मग त्या जे बोलायला लागल्या ते रात्रीच्या जेवणापर्यंत बोलत होत्या. ही काय वागण्याची रीत, पन्नाशी उलटली तरी पोरकटपणा जात नाही, भावाने बिचाऱ्याने दोनदा रजा काढली. गमतराव मान खाली घालून ऐकत होते आणि आतून सुखावत होते. बाईचा आवाज परत आला होता. फक्त शेवटी ताईंनी विचारलं, ‘पण करता कसं, ते तरी दाखवा,’ तेव्हा यांना घाम फुटला. हे म्हणाले, ते गुपित आहे. असलं पक्कं गुपित, की ते गमतरावांनाही माहीत नव्हतं. उद्या दुपारी लॅपटॉपला भोवळ आली तर वर्ग जाणार, आणि त्याचं खापर फुटायला डोकं यांनी स्वतःहून पुढे केलं होतं.

रविवारी दुपारी बंदोबस्त चोख होता. आरोपीने गुन्हा कबूल केलेला, तेव्हा त्याला खोलीच्या टोकाला, भिंतीला टेकून खुर्चीत बसवलं. दोन्ही हात गुडघ्यांवर, सगळ्यांना दिसतील असे. शेजारी मॅनेजर पहाऱ्याला. धाकटा भाऊ दारात. ताई टेबलाच्या मागे उभ्या, बाजूला पुतळा, मनगटावर टाचण्यांचा पट्टा, अंगावर तेच ठेवणीतले कपडे. भावाने बटण दाबलं. मासे गेले आणि त्यांच्या जागी बायका आल्या. लहान लहान चौकोनांत, गावोगावच्या. कुणाच्या मागे शिवणयंत्र, कुणाच्या मांडीवर मूल, कुणाचं फक्त कपाळ. वरच्या कोपऱ्यात मोठ्या बाई, पाण्याचा ग्लास समोर ठेवून.

‘बाई,’ एक चौकोन म्हणाला, ‘तुमचा आवाज किती दिवसांनी ऐकतेय.’

ताईंनी बाही उचलली आणि सुरुवात केली. टेबलापासून पाऊलभर मागे उभ्या राहून त्या बोलत होत्या, बाहीचा गोल दाखवत होत्या, कापड कुठे सैल सोडायचं ते बोटांनी सांगत होत्या. सगळं सुरळीत. गमतरावांना वाटायला लागलं, कदाचित आपण खरंच करत होतो आणि आता थांबवलंय.

‘आता हे जवळून बघा,’ म्हणत ताई बाही घेऊन पुढे वाकल्या. काळा.

खोलीतली सगळी डोकी गमतरावांकडे फिरली. आणि मॅनेजर, ज्यांनी लिफ्टचा राग आजवर जपून ठेवला होता, ते खुर्चीवरून उठून साक्ष द्यावी तसे म्हणाले, ‘हात गुडघ्यांवरच होते. माझी नजर होती. हा माणूस निर्दोष आहे.’

किती दिवस या वाक्यासाठी गमतराव तळमळत होते. आणि ते आलं ते नेमकं अशा वेळी, की त्याचा उपयोग फक्त एवढाच झाला: ताईंना कळलं की काल नवरा खोटं बोलला, आणि का बोलला तेही कळलं. त्यांनी फक्त नवऱ्याकडे बघितलं. त्या बघण्याला काय म्हणतात ते मला ठाऊक नाही, पण मॅनेजरांनी खिडकीबाहेर तोंड वळवलं.

भावाने धावत जाऊन बटण दाबलं. बायका परतल्या, ताईंनी हसून सावरून घेतलं, आवाज वाढवायला हात पुढे केला, काळा. मोबाइल वाजायला लागला. मोठ्या बाई. ताईंनी तो उचलला नाही. दोन्ही हात छातीशी घट्ट धरून त्या उभ्या राहिल्या, जणू हातांनीच घात केला होता.

गमतराव त्या हातांकडे बघत होते. उजव्या हातात बाही. डाव्या मनगटावर जाड पट्टा, त्यावर साळिंदरासारख्या टाचण्या. आतलं चुंबक भंगारातलं. लिफ्टमधून काढलेलं. लिफ्टमध्ये ते कशाला असतं? तक्रारींच्या टेबलावर बसून हे त्यांनी लोकांना कितीदा सांगितलं होतं. लिफ्टला डोळे नसतात साहेब. जागोजागी चुंबकं लावलेली असतात. चुंबक समोर आलं की लिफ्टला वाटतं मजला आला. आला की थांबायचं.

ते उठले. मॅनेजरांनी अडवलं नाही. त्यांनी ताईंच्या मनगटावरून पट्टा सोडवला, भावाला लॅपटॉप चालू करायला सांगितला, पण वर्गाला जोडू नको म्हणाले. मासे आले. गमतरावांनी पट्टा हातात धरला आणि एक एक इंच पुढे नेला. पट्टा लॅपटॉपच्या डाव्या कडेवर आला आणि मासे गेले. परत चालू केला, परत नेला, परत गेले. मॅनेजर पुढे आले आणि त्यांनी स्वतः करून बघितलं. ‘विलक्षण,’ म्हणाले, पण या वेळी अगदी हळू आवाजात.

‘झाकणात चुंबक असतं,’ भाऊ स्वतःशीच बोलल्यासारखा बोलला. ‘ते खाली आलं की लॅपटॉपला कळतं झाकण लागलं. ताईचं मनगट आलं की त्याला वाटत असणार झाकणच लागलं. आणि झाकण लागलं की पूर्ण बंद, असं तर...’ इथे त्याचा आवाज बसला, कारण ते कुणी करून ठेवलं होतं आणि पुसून परत कुणी केलं होतं, ते त्याला आठवलं.

गमतराव पट्ट्याकडे बघत होते. किती वर्षांपूर्वी शिवलेला. तेव्हा असा लॅपटॉप जन्मालाही आला नव्हता. एवढ्या आधी लावून ठेवलेली, इतका धीर धरून बसलेली, आपल्या हाताने केलेली, आणि आपल्यालाच पत्ता नाही. आयुष्यात काढलेल्या सगळ्या खोड्या त्यांना त्या क्षणी पोरखेळ वाटल्या. त्यांनी हळूच चष्मा काढला. देवळाच्या दारात लोक चपला काढतात ना, तसा.

‘अहो, नंतर,’ ताई म्हणाल्या. ‘बायका ताटकळल्यात. पट्टा लांब ठेवा. पण मग टाचण्या कुठे ठेवू? तोंडात धरल्या तर शिकवू कशी?’

भाऊ सेटिंग बदलायला बसणार होता. ताईंनी त्याला ओळखलेलं होतं. म्हणाल्या, तू आता कशाला हात लावू नकोस. मग त्यांनी नवऱ्याकडे बघितलं, त्यांचं मनगट धरलं आणि पट्टा त्यावर बांधला. टेबलापासून दूर, पुतळ्याच्या पलीकडे उभं केलं आणि हात आडवा धरायला सांगितला. ‘इथून हलायचं नाही.’

वर्ग परत सुरू झाला. पडद्यावर ताई होत्या, पुतळा होता, आणि पुतळ्याच्या मागून आलेला एक केसाळ हात होता, टाचण्यांनी भरलेला. ताई न बघता हात मागे न्यायच्या, टाचणी घ्यायच्या, खोचायच्या आणि बोलत राहायच्या. कापड कसं लाडाने घ्यायचं, ओढायचं नाही, त्याला वाटलं पाहिजे की ते स्वतःहून बसतंय. गमतरावांनी इतक्या वर्षांत हे कधी ऐकलं नव्हतं. ते नेहमी बाहेर पेपर वाचत असायचे. आता ताईंच्या बोटांखाली ते सपाट कापड हळूहळू फुगून गोल झालं आणि पुतळ्याला खांदा फुटला. नुसत्या टाचण्यांवर. यांचा हात भरून आला होता, पण त्यांनी तो खाली घेतला नाही.

‘बाई,’ मघाचाच चौकोन म्हणाला, ‘तो मागचा हात कुणाचा?’

‘मशीन आहे,’ ताई म्हणाल्या. ‘जुनंच आहे. आत्ता चालायला लागलंय.’

बायका हसल्या. दारातून मेव्हण्याचं हसू आलं. आणि गमतरावांच्या लक्षात आलं की या क्षणी त्यांच्या मनगटावर एवढी ताकद आहे की दोन पावलं पुढे टाकली तर एवढ्या गावच्या एवढ्या बायका फुंकर मारल्यासारख्या विझतील. असा मोका खोडकर माणसाला जन्मात एकदा मिळतो. मॅनेजरांनाही ते कळलं होतं. ते श्वास रोखून यांच्या पायांकडे बघत होते. गमतरावांच्या पायाचा अंगठा एकदा हलला. मग त्यांनी तो दुसऱ्या पायाखाली दाबून धरला.

बाही बसली. बायकांनी आपापल्या चौकोनात टाळ्या वाजवल्या. मोठ्या बाईंनी पाणी पिऊन घसा साफ केला आणि सांगितलं की वर्ग ताईंचाच, यात आता बोलायला नको. आणि मग बोलायला लागल्या. संस्था कशी स्थापन झाली, तिच्यामागे कोण होतं, त्यांच्यामागे कोण होतं. हॉल का द्यावा लागला, त्यात त्यांचा स्वतःचा दोष कसा नव्हता. चौकोनांतल्या बायका जांभया दाबायला लागल्या. एकीचं मूल झोपलं. मॅनेजर बसल्या जागी पेंगले. ताई हसऱ्या चेहऱ्याने उभ्या होत्या, आणि ते हसू कडेने दुखायला लागलं होतं. मोठ्या बाई पहिल्या अध्यक्षांच्या बालपणापर्यंत पोचल्या.

ताईंनी मान वळवली नाही. फक्त म्हणाल्या, ‘अहो, एक टाचणी द्या जरा.’

बाही बसली होती. टाचणीचं आता काहीच काम नव्हतं. गमतराव बायकोच्या पाठमोऱ्या डोक्याकडे बघत राहिले. इतकी वर्षं एका घरात काढली, आणि या बाईच्या अंगात केवढी गंमत भरलीय हे त्यांना आज दिसत होतं.

‘आणतो हं,’ म्हणाले, आणि हात पुढे धरून, मोठ्या अदबीने, दोन पावलं चालत गेले.